पुढच्या खोलीतली पेटी

गेल्या श्रावणात धुळ्याहून एका भगिनीचे पत्र आले. अक्षर मोत्यासारखे, मजकूर जेमतेम पाऊण पानाचा. पण तो वाचून मी पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि मुकाट्याने आमच्या सौ.च्या हाती दिली.

या भगिनी लग्नाआधी संगीताच्या विशारद परीक्षेपर्यंत पोचलेल्या. पेटी माहेरून आणलेली. ती गेली नऊ वर्षे जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली पडून आहे. आता मुले शाळेत जाऊ लागली आहेत, दुपार मोकळी आहे, शेजारच्या दोन मुली ‘आम्हाला शिकवा ना’ म्हणून मागे लागल्या आहेत आणि घरात चार पैसे आले तर ते हवेच आहेत. यजमानांची आडकाठी नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की, खुशाल शिकव, पण ओळखीपाळखीच्या लोकांकडून पैसे कसले घ्यायचे? तेव्हा वर्ग कसा काढावा, फी किती ठेवावी आणि लोक काय म्हणतील, एवढे कळवावे, असे बाईंनी लिहिले होते.

सौ.ने पत्र वाचले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “याचे उत्तर तुम्हीच लिहा. तुमच्याइतके हे कोणाला ठाऊक?”

हा टोला होता, आणि तो मला लागला. एरवी अशा पत्रांना मी दोन ओळींचे उत्तर पाठवतो. या खेपेस मात्र दिवाळी अंकातली माझी सगळी पाने या एका पत्राला देत आहे; कारण असा प्रश्न पडलेल्या भगिनी पुष्कळ असतील, आणि दुसरे कारण असे की माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची फेड करावयाची आहे.

माझे शहाणपण

सतरा वर्षांपूर्वी आम्ही धुळ्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होतो. मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत असे. जितके तास तितके पैसे, असा सरळ व्यवहार. सौ.ने त्याच सुमारास पुढच्या खोलीत पेटीचा आणि गाण्याचा वर्ग सुरू केला. फीचा विषय निघताच मी मोठ्या थाटात सांगितले, “विद्या ही दानाची वस्तू आहे. गल्लीतल्या मुलांकडून पैसे मागणे आपल्याला शोभत नाही. ज्याला जे द्यावेसे वाटेल ते देईल.”

ज्याला जे द्यावेसे वाटले ते त्याने दिले. म्हणजे बहुतेकांनी काहीच दिले नाही. महिन्याभरात अकरा मुले जमली. पण त्यांचे येणे वाऱ्यावरचे. पाहुणे आले की येत नसत, सामना असला की येत नसत, आणि घरात अडचण झाली की मात्र धाकट्या भावंडांना घेऊन येत. दोन आया तर मुलांना आमच्याकडे सोडून खुशाल बाजाराला जात. वर्षाच्या आत पेटीच्या भात्याचे कातडे फाटले, दोन सूर बसले. दुरुस्तीचे पैसे सौ.ने किराण्याच्या पैशांतून काढले, ते मला फार उशिरा कळले. पुढे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिने पेटीला कुलूप घातले. मौज अशी की, वर्ग का बंद झाला हे अकरांपैकी एकाही घरातून कोणी विचारायला आले नाही.

त्याच महिन्यात महाविद्यालयाच्या कार्यालयाने माझे दोन तास कमी धरले होते, म्हणून मी तीन वेळा खेटे घालून ते पैसे वसूल केले. विद्यादानाचे तत्त्व त्या वेळी कोठे गेले होते कोण जाणे!

आणि मग, वर्ग बंद होऊन दहा-बारा दिवस झाल्यावर, मागच्या गल्लीतली एक म्हातारी दारात आली. बरोबर आठ-नऊ वर्षांची नात. “बाई, मनी नातले बी शिकाडा,” म्हणाली. सौ.ने विचारले, आजी, इतके दिवस का नाही आणलीत? म्हातारीने पदराची गाठ सोडली, त्यातून काही नोटा काढून पेटीवर ठेवल्या आणि आपल्या अहिराणीत जे सांगितले त्याचा अर्थ असा की, तुम्ही पैसे घेत नाही असे ऐकले. फुकट शिकायला पाठवायची मला लाज वाटत होती. पैसे साठवले, मग आले.

आम्ही दोघेही गप्प झालो. ज्यांना कदर नव्हती ती मुले फुकटच्या दारातून आत आली होती. आणि जिला खरी ओढ होती ती मुलगी त्याच दारामुळे बाहेर राहिली होती. पुढच्याच महिन्यात मला जळगावला नोकरी लागली आणि आम्ही धुळे सोडले. म्हातारीचे पैसे सौ.ने परत केले. ती मुलगी पुढे कोठे शिकली की नाही, मला ठाऊक नाही. पेटीवरच्या त्या नोटा मात्र मी विसरलेलो नाही.

तेव्हा भगिनी, तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा, आणि हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

थोरांची वही

फी मागितली की विद्येचा अपमान होतो, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. पण विद्येचा सन्मान वाढवण्यासाठी ज्यांनी जन्म वेचला त्यांची हकिगत काय सांगते? पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संस्थानिकांच्या मेहेरबानीवर अवलंबून न राहता लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर ते चालवले. ज्या काळी गवयाला चारचौघांत मान नव्हता, त्या काळी संगीत शिकणे ही घरंदाज मुलामुलींनी करण्याजोगी गोष्ट आहे, हे त्यांनी समाजाला पटवले. १९०८ मध्ये ते मुंबईस आले. तेथे कर्ज काढून मोठी वास्तू बांधली, शिष्यांचा परिवार पोसला. आणि शेवटी देणेकऱ्यांनी त्या वास्तूचा लिलाव केला. १९३१ मध्ये ते गेले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि पुढल्या वर्षी विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय काढले. आज तुमच्या हाती असलेले विशारदचे प्रमाणपत्र त्याच झाडाचे फळ आहे.

आमच्या जळगावला बालगंधर्वांचा मोठा अभिमान. लहानपणी ते येथे होते, मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. गावाने खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव दिले आहे, त्यांच्या नावाने येथे संगीत महोत्सवही होतो. पण १९१३ साली निघालेल्या त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीचा संसारही कर्जात बुडाला, हे महाराष्ट्र जाणतो.

या थोरांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. कला त्यांची अमर झाली. जमाखर्चाने मात्र त्यांना छळले. आपण सामान्य माणसे. आपल्या पुढच्या खोलीतल्या वर्गाला कोणी वर्गणी देणार नाही. तो चालायचा असेल तर तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला पाहिजे.

फी कशी ठरवावी

जळगावला आल्यावर चार वर्षांनी सौ.ने पुन्हा वर्ग काढला. या वेळी मी तोंड बंद ठेवले आणि हिशेबाला बसलो. एका वेळी चार मुले, आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास. म्हणजे महिन्याचे आठ तास. पण शिकवण्याचे आठ तास म्हणजे कामाचे आठ तास नव्हेत. बंदिशी वहीत उतरवून देणे, पेटी पुसणे, आईबापांशी बोलणे, परीक्षेचे अर्ज भरणे, याचे आणखी चार तास धरा. झाले बारा. समजा, प्रत्येकी सहाशे रुपये फी ठेवली, तर चौघांचे चोवीसशे. बाराने भागले की तासाला दोनशे. त्यातून पेटीची देखभाल, वीज, चटया वजा जाता उरेल ती तुमची कमाई. हे आकडे केवळ रीत दाखवण्यापुरते आहेत. तुमच्या गल्लीचा भाव तुम्हीच पाहावा. पण भागाकार न करता फी सांगू नये. पुष्कळ भगिनी शेजारचे वर्ग काय घेतात हे विचारतात, त्यातून पन्नास वजा करतात आणि पुढे वर्षभर कुढत बसतात.

दुसरी गोष्ट, नियम कागदावर असावेत. तोंडी नियम म्हणजे पाण्यावरची रेघ. सौ.चा कागद अर्ध्या पानाचा आहे, आणि तो पहिल्या दिवशीच आईच्या किंवा वडिलांच्या हाती पडतो. त्यात मोजक्या गोष्टी आहेत. फी महिन्याच्या पाच तारखेच्या आत. मूल आले नाही तर तो तास बुडाला. शिकवणाऱ्या बाईंना जमले नाही तर तो तास भरून मिळेल. सण आणि सुट्ट्या कोणत्या, ते आधीच लिहिलेले. वर्ग सोडायचा तर एक महिना आधी सांगावे. फी वाढली तर ती जूनमध्येच, आणि तेही एप्रिलमध्ये कळवून. हल्ली पैसे फोनवरून येतात, तरी वहीत नाव, तारीख आणि रक्कम ही नोंद हवीच. वर्षाअखेर आयकराच्या विवरणात ही कमाई दाखवायची असते, तेव्हाही तीच वही कामी येते.

पैसे थकले तर? दहा तारखेला एकदा, आईला बाजूला घेऊन, हसतमुखाने विचारावे. मुलाला कधीही विचारू नये, आणि इतर मुलांदेखत तर नाहीच नाही. फीचा व्यवहार मोठ्यांचा. मुलाचा व्यवहार सुरांशी.

नातेवाईक हा नाजूक विषय. आमच्या एका मेहुण्यांची मुलगी वर्गात आली, तेव्हा सौ.ने पूर्ण फी घेतली आणि तिच्या वाढदिवसाला एक सुंदर टाळजोडी भेट दिली. नात्याचे प्रेम दाखवायला जागा पुष्कळ आहेत. फीची वही ही त्यांतली नव्हे.

आपल्या खानदेशात आणखी एक गोड अडचण येते. रावेर-यावलकडचे एक पालक एकदा केळीचा अख्खा घड खांद्यावर घेऊन आले. हिवाळ्यात भरताची वांगी येतात, कोणी घरचे तीळ आणून देते. घ्यावे, मनापासून आभार मानावेत, मुलांना वाटावे; पण महिन्याची फी वेगळी, हे त्याच वेळी हसत हसत सांगावे. एकदा घडाची फी झाली की घड केव्हा येईल याची वाट पाहत बसावे लागते.

आणि ज्यांना खरोखर झेपत नाही त्यांचे काय? येथे ती म्हातारी आठवा. दर दहा मुलांमागे एक जागा सौ. राखून ठेवते. ती जागा कोणाची हे ती आणि त्या मुलाचे आईबाप एवढ्यांनाच ठाऊक असते. मला देखील नसते. पण त्या जागेलाही काही रक्कम ठरलेली आहे, मग ती अकरा रुपये का असेना, आणि ती पाच तारखेच्या आतच येते. देणाऱ्याची मान ताठ राहते आणि मूल इतरांसारखेच चटईवर बसते. मला वाटते, दानाची हीच खरी रीत असावी.

खोली, पेटी आणि घड्याळ

जागेची काळजी करू नका. चार मुले मांडी घालून बसतील आणि पेटी मध्ये राहील एवढी खोली पुरते. मात्र त्या तासापुरती ती खोली वर्गाचीच असली पाहिजे. दूरदर्शन संच बंद, कपड्यांची दोरी रिकामी, आणि घरातल्या मंडळींची ये-जा मागल्या दाराने. पुढचे दार उघडे असावे. पालकांना पहिले दोन-तीन तास बसू द्यावे, पुढेही कधी आले तर आडकाठी नसावी. लहान मुलाला नेणारे माणूस येईपर्यंत त्याला एकट्याला सोडू नये.

पेटी साधी, दुहेरी सुरांची असली तरी चालते; ती सुरात असणे महत्त्वाचे. बेसूर पेटीवर शिकलेला कान पुढे सुधारणे कठीण. आपल्याकडचा उन्हाळा लाकडाचा वैरी आहे. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो. लाकूड वाळते, फटी पडतात आणि हवा निसटू लागते. पावसाळ्यात उलट, पट्ट्या फुगून अडकतात. तेव्हा पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये, जमिनीवर न ठेवता चौरंगावर ठेवावी, भाता नेहमी मिटलेला असावा, आणि उंदरांपासून कातडे जपावे. तुमची पेटी नऊ वर्षे पलंगाखाली आहे. तेव्हा पहिला खर्च जाणत्या कारागिराकडून ती उघडून साफ करून सुरात लावून घेण्याचा. तो टाळू नका. तंबोऱ्यासाठी मात्र मिरजेपर्यंत धावायची सुरुवातीला गरज नाही. विजेवरचा तंबोरा किंवा फोनमधला तंबोरा वर्गापुरता भागवतो.

पालक पहिल्याच दिवशी विचारतील, “पेटी विकत घेऊ का?” तीन महिने थांबा म्हणावे. काहीजण विजेवर चालणारा कीबोर्ड घेऊन येतात. त्यावर स्वरांची ओळख होते, बोटेही वळतात; पण डाव्या हाताने भाता हलवीत उजव्या हाताने वाजवणे त्यावर येत नाही, हे आधीच सांगावे. मुंबई-पुण्याकडे आणि गोव्यात पियानो शिकवणारी मंडळी आहेत. त्यांची मुले लंडनच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या परीक्षांना बसतात. वाद्य निराळे, परीक्षा निराळी. पण फी, नियम आणि वेळ यांची गाऱ्हाणी त्यांचीही हीच असणार.

वेळ निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, नळाला पाणी येण्याची वेळ. त्या वेळी वर्ग ठेवला तर शिकवणारीचे लक्ष हंड्यात आणि आयांचे लक्ष घड्याळात. दुसरी, शेजाऱ्यांची झोप. वर्ग सुरू करण्याआधी वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरी जाऊन वेळ सांगून यावे, वामकुक्षीचा तास सोडावा आणि रात्री आठानंतर पेटी उघडू नये. परवानगी मागणाऱ्याला शेजारी सहसा नाही म्हणत नाहीत. न विचारणाऱ्याचा मात्र षड्जही त्यांना खुपतो.

एका वेळी चारपेक्षा जास्त मुले घेऊ नका. तुम्ही धुळ्याच्या आहात, पांझरेवरचे फड तुम्हाला ठाऊक असतील. पाटकरी प्रत्येक शेताला पाळीने पाणी देतो. एकाला जास्त दिले की शेवटचे शेत कोरडे राहते. वर्गाचेही तसेच. पहिली दहा मिनिटे सगळ्यांनी मिळून अलंकार; मग प्रत्येकाची दहा-दहा मिनिटांची पाळी पेटीवर एकट्याने, आणि त्या वेळी बाकीच्यांनी हाताने ताल धरायचा; उरलेली दहा मिनिटे सगळ्यांनी मिळून गाणे. हुशार मुलगी पुढे पळते म्हणून तिलाच पाणी पाजत बसू नये. तिच्यासाठी फार तर महिन्यातून एक वेगळा तास ठेवावा.

गाणाऱ्या मुलांची पट्टी सारखी नसते. कोणाला काळी चार सोयीची, कोणाला पांढरी पाच. शक्यतो पट्टी जुळणारी मुले एका वर्गात घ्यावीत. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटू लागला की त्याच्याकडून वरचे स्वर ओढून घेऊ नयेत. ते वर्ष त्याला पेटीवर बसवावे. अशा वेळी कित्येक मुले लाजून गाणे सोडतात. पेटी त्यांना धरून ठेवते.

परीक्षा आणि आईबाप

मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. मग प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन आणि विशारदच्या दोन, पुढे अलंकार. वर्षातून दोन सत्रे, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. या पायऱ्यांचा फायदा असा की तुम्हाला अभ्यासक्रम शोधत बसावे लागत नाही आणि मुलाला वर्षाचे ध्येय मिळते. वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतो, तेव्हा रागाची माहिती, तालाची चिन्हे हे मुलांच्या वहीत पहिल्यापासून असू द्यावे.

पण परीक्षा हा जिना आहे; घर नव्हे. मान्य संगीत परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण मिळण्याची सोय शासनाने केल्यापासून काही पालक थेट विचारतात, “गुण मिळायला किती दिवस लागतील?” त्यांना परत पाठवू नये, गुणांसाठी आलेले मूल पुष्कळदा गाण्यासाठी राहते. त्यांना एवढेच सांगावे की नियम शाळेत विचारून घ्या, आणि एका वर्षात दोन परीक्षांची घाई माझ्याकडून होणार नाही. कच्च्या मुलाला परीक्षेस बसवले तर नापास होण्याचे दुःख त्याचे आणि बोल मात्र तुम्हाला.

आईबापांची दुसरी तक्रार, “घरी पेटीला हात लावत नाही.” सौ. त्यांना तासाचा नव्हे तर दहा मिनिटांचा नेम सांगते. संध्याकाळचा दिवा लागला की दहा मिनिटे, आणि त्या वेळी घरातल्या एका मोठ्या माणसाने हातातला फोन बाजूला ठेवून समोर बसायचे. मुलाला ऐकणारे कोणी असले की ते वाजवते. एका वडिलांनी असे बसता बसता स्वतःच सरगम शिकून घेतली. आता ते भजनात साथ करतात.

वर्षातून एकदा मुलांचे गाणे व्हावे. सभागृह भाड्याने घेऊ नका. पोहे आणि खर्च दोन्ही अंगावर येतात. कोजागरीला गच्चीवर किंवा एखाद्या देवळाच्या मंडपात, तासाभरात आटोपेल असे करावे. प्रत्येक मुलाने काही ना काही वाजवावे, पहिला-दुसरा नंबर काढू नये. आणि गावात चांगली मैफल असली तर मुलांना घेऊन जावे. आम्ही दर खेपेस बालगंधर्व महोत्सवाला जमतील तेवढी मुले नेतो. अर्धी झोपतात, पण जी जागी असतात त्यांचे डोळे पाहण्यासारखे असतात.

लोक काय म्हणतील

हा तुमचा शेवटचा प्रश्न. लोक पहिले तीन महिने म्हणतील, ‘हिला पैशाची फार हाव.’ पुढचे तीन महिने म्हणतील, ‘हिचे नियम फार.’ वर्षाने त्यांतलेच एकजण येऊन विचारील, ‘आमच्या धाकटीला जागा आहे का?’ आमच्याकडे असेच झाले.

मात्र लोकांपेक्षा एका गोष्टीची धास्ती बाळगा. शिकवता शिकवता स्वतःचे गाणे आटण्याची. दिवसभर प्रारंभिकचे अलंकार ऐकून विशारदचा गळा गंजतो. सौ. पहाटे अर्धा तास दार लावून बसते. तो अर्धा तास वर्गाचा नाही, माझा नाही, मुलांचा नाही. त्या वेळी चहा मी करतो. तुमच्या यजमानांनाही हे एक काम नेमून द्या. फी मागू नकोस म्हणण्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे आहे.

आज आमच्या पुढच्या खोलीत बारा मुले येतात. पैसे म्हणाल तर घराच्या खर्चाला चांगला हातभार लागतो. बंगला होणार नाही. पण परवा भात्याचे कातडे पुन्हा गेले, तेव्हा सौ.ने वर्गाच्या वहीतून पैसे काढले, कारागिराला बोलावले आणि मला फक्त सांगितले. विचारले नाही. धुळ्याच्या त्या किराण्याच्या पैशांचे ओझे त्या दिवशी थोडे हलके झाले.

पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशी पलंगाखालची चादर सोडा. पेटी पुसा, कारागिराचा पत्ता काढा, अर्ध्या पानाचा कागद लिहा आणि शेजारच्या त्या दोन मुलींच्या आयांना हळदीकुंकवाला बोलावून तो त्यांच्या हाती द्या. हात थोडा थरथरेल, थरथरू द्या. आणि तुमच्या मागल्या गल्लीत पदराला गाठ मारून बसलेली एखादी आजी असेल, तिलाही कळू द्या की येथे फी घेतात. म्हणजे ती मान ताठ ठेवून येईल.

वर्ग सुरू झाला की पत्र पाठवा. मुले किती आली ते नाही लिहिले तरी चालेल. फी किती ठरवली, ते मात्र नक्की लिहा.